माहेरच्या नावाची केस

नूतनला श्वास लागला तो सकाळी भाकरी थापताना. आठवडाभर ती चार पायऱ्या चढली की धापा टाकत होती, पण सातवा महिना, चालायचंच, असं घरच्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. आज मात्र तिला बसल्या जागी हवा पुरेना. नवरा ललित डाईंग मिलमध्ये पहिल्या पाळीला गेलेला. सासू धुरपदाबाईने पीठ तसंच परातीत सोडलं, सुनेला रिक्षात घातलं आणि नवागामातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात आणलं.

हा दवाखाना नूतनने जन्मात पाहिला नव्हता. म्हणजे सासरच्यांच्या समजुतीप्रमाणे पाहिला नव्हता. खरं तर इथली कोणती फरशी फुटकी आहे तेही तिला पाठ होतं.

गोष्ट अशी, की लग्नाआधी ती नूतन नव्हतीच. तिचं नाव योगिता. बाप शालिग्राम इथेच जवळ बमरोलीच्या मिलमध्ये होता तेव्हा तेराव्या वर्षी पोरीचे सांधे सुजले, ताप आला, आणि गेला तो हृदयाची एक झडप आखडून गेला. मग सहा वर्षं दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन, याच दवाखान्यात. स्थळ आलं तेव्हा शालिग्रामने केसची फाइल पाण्याच्या बंबात घातली. पाहुण्यांना सांगितलं, पोरगी पारोळ्याला आजीकडे वाढली, हिला कधी साधी सर्दी नाही. लग्नात रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि योगिता तिथेच संपली. शालिग्राम बारडोलीच्या साखर कारखान्यात निघून गेला. मोठा हुशार माणूस! जाताना पोरीला एवढंच म्हणाला, "तोंड उघडशी तर आठ दिनमा माघारी येशी."

पण त्या हुशार माणसाला एक गोष्ट माहीत नव्हती. साल होतं अठ्ठ्याण्णव, आणि दवाखान्यात कॉम्प्युटर आला होता. काचेच्या खोलीत त्याची स्थापना झाली होती, स्थापनाच म्हणायची, कारण लोक चपला बाहेर काढून आत जात आणि डब्यावर दसऱ्याचं कुंकू अजून तसंच होतं. त्याच्यासमोर नवीच लागलेली रश्मी बसायची. बँकेतल्या एका मराठी कारकुनाची ही मुलगी, आणि कॉम्प्युटरचं तिला पोटच्या पोरासारखं कौतुक.

"नाव सांगा, मावशी."

"नूतन ललित पाटील," धुरपदाबाई म्हणाली. "पहिलांदाच उनी. मनी सूनले कधी दवाखाना लागना नही."

"तरी बघते. नव्वद सालापासूनचे सगळे जुने केसपेपर आम्ही यात भरलेत. एकसुद्धा सोडला नाही."

नूतनच्या आता ध्यानात आलं. बापाने फाइल जाळली ती घरातली. इथला कागद इथेच राहिला होता, आणि आता तो या डब्यात जाऊन बसला होता. रश्मीची बोटं चालली. नूतन दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि श्वास लागलाय की भीती, तिचं तिलाच कळेना.

"नाही सापडत. नवा पेशंट," रश्मी म्हणाली आणि तिने चिठ्ठी काढून दिली.

नूतनला हायसं वाटलं. मरणाच्या दारात उभी राहून तिला हायसं वाटलं, याची तिला पुढे कितीतरी वर्षं लाज वाटत राहिली.

डॉक्टर इथलाच, तरुण गुजराती होता, बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली. त्याने घाईघाईत छातीला नळी लावली, पापण्या ओढून पाहिल्या. "दमा लगता है. खून भी कम है. बाटली चढा दो," म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे वळला. अलीकडेच आलेल्या मंगलाबाई नर्सने सलाईनची बाटली खिळ्याला टांगली, हातावर थापट्या मारून शीर शोधली आणि सुई घातली.

थेंब पडायला लागले, तेव्हा नूतनला दर गुरुवारी येणारे ते म्हातारे हृदयाचे डॉक्टर आठवले. दर खेपेला ते बजावायचे, "पोरी, श्वास लागला तर आधी झडपेचं सांग. न सांगता बाटली घेतलीस तर पाणी छातीत भरेल."

"बाटली नको," ती म्हणाली.

"घाबरू नको गं, सगळ्यांना लावतो," मंगलाबाई म्हणाली.

"नको... मला हार्टचं दुखणं आहे."

डॉक्टरने मान वळवली. हातातली चिठ्ठी उलटसुलट केली. "कॉम्प्युटर में तो कुछ नहीं है. किसने बोला हार्ट का?"

धुरपदाबाईचा हात सुनेच्या खांद्यावर होता. तो किती जड आहे हे नूतनला आज कळलं. बोलावं तर संसार जातो, गप्प बसावं तर जीव. तिच्या एकटीचा असता तर कदाचित ती गप्पच बसली असती, इतकी ती बापाची आज्ञाधारक होती. पण पोटातल्याने आतून लाथ मारली, आणि बाप कुठल्या कुठे गेला.

"कॉम्प्युटरवाल्या ताई!" तिला जमेल तेवढ्या मोठ्याने ती ओरडली. "दुसऱ्या नावाने बघा. योगिता शालिग्राम महाजन. बमरोली."

काचेपलीकडे बोटं चालली आणि थांबली. रश्मीचा चेहरा उतरला. ती कागद काढत बसली नाही, तिने डॉक्टरलाच हाक मारली. त्याने पडद्यावर चार ओळी वाचल्या आणि तिथूनच ओरडला, "बाटली बंध करो! बंध करो!"

मग धावपळ उडाली. मंगलाबाईने नळी बंद केली, नूतनला उशांना टेकवून बसतं केलं, तोंडाला ऑक्सिजन लावला, पाणी उतरायचं इंजेक्शन दिलं. कुणीतरी मोठ्या इस्पितळात न्यायला अँब्युलन्स बोलावली.

"काय निंघनं त्यामा?" धुरपदाबाईने विचारलं.

रश्मीने नूतनकडे पाहिलं. उत्तर दुसऱ्या कुणी देण्यासारखं नव्हतं. नूतनने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"ती मीच शे, आत्याबाई. लहानपनपासून मनी हार्टनी झडप खराब शे. मना बापनी लपाडं. मी बी लपाडं."

खांद्यावरचा हात निघाला. धुरपदाबाई खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. अँब्युलन्स यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ती एकदाही वळली नाही, आणि नूतन तिच्या पाठीकडे बघत एकेक श्वास मोजून घेत राहिली. इंजेक्शनने छाती थोडी हलकी झाली होती, पण मन होतं तिथेच होतं.

"तिकडे न्यायचा कागद कोणत्या नावाने काढू?" अँब्युलन्स दाराशी लागली तशी रश्मीने हळूच विचारलं. "दोन वेगळ्या केस दिसतायत."

नूतन काही बोलायच्या आत धुरपदाबाई वळली. डोळे लाल, आवाज मात्र खणखणीत.

"दोन्ही एक कर. कोनतंबी नाव सांगं तरी बिमारी दिसाले जोयजे. आनि सासूनं नाव बी लिख. बापनं काढी टाक."

रश्मीने तसं केलं. बापाचं नाव तिला काढता येत नव्हतं, पण ते तिने सांगितलं नाही.

अँब्युलन्समध्ये धुरपदाबाई सुनेच्या उशाशी बसली. गाडी हलली तशी नूतनने भीतभीत विचारलं, "माले माघारी धाडशात का?"

"तुना बापले तं मी सोडाव नही," धुरपदाबाई म्हणाली. "तुनासंगे बी भांडसू. वरीसभर भांडसू. पन भांडाले सून जित्ती जोयजे ना वं!"

तिने मास्क सुनेच्या तोंडावर नीट बसवला आणि हॉस्पिटल येईपर्यंत तो तसाच दाबून धरला.