गळ्यावरच्या मेणबत्त्या

पाद्रीबाबांनी दोन मेणबत्त्यांची कात्रीसारखी फुली करून आईच्या गळ्याला लावली, तेवढ्यात मागून ठेकेदार भगवंतराव म्हणाले, "जरा घट्ट लावा बाबा, तानुबाईचा खोकला लई जुना हाय."

लोक हसले. मी नाही हसले.

संत ब्लासाचा सण होता. घशात काटा अडकलेल्या एका पोराला या संताने वाचवलं, म्हणून त्या दिवशी सगळ्यांच्या गळ्यांना आशीर्वाद मिळतो. अमरावतीत आम्ही ख्रिस्ती मूठभरच. पण यंदा रांगेत हिंदू बायाही उभ्या होत्या. कापसाला कधी नव्हे एवढी मागणी, आणि सरकी काढणाऱ्या बाया खोकून खोकून घरी बसत होत्या. म्हणून भगवंतरावांनी सगळ्यांनाच आणलं होतं. मेणबत्त्याही त्यांच्याच.

बायांना कामावर परत नेल्यावर त्यांनी कापसाच्या कोठाराचं दार लावून घेतलं, वाऱ्याने रुई उडते म्हणून. मग नियम सांगितला. गळे आता पवित्र झाले. यापुढे जी खोकेल तिचं मन साफ नाही, तिने सरकी काढायची चरखी सोडावी.

दुपारी शाळेतून आईची भाकर घेऊन गेले, तर आत रुईचं नुसतं धुकं. वीस बाया ओठ गच्च मिटून चरख्या फिरवत होत्या. जयवंतामावशीने तोंडात पदर कोंबला होता. आईच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. आमची चूल त्या एका चरखीवर पेटायची.

माझं डोकंच फिरलं. या संताला लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी फाडून मारलं होतं, हे शाळेत शिकले होते. तेच भगवंतरावांच्या तोंडावर सांगितलं. वर म्हटलं, "त्या फण्या तुमच्यासारख्याच कोणाच्या असतीन."

"लई शिकली तुयी पोरगी," ते आईला म्हणाले.

आई मला गप्प करील असं वाटलं. तिने चरखीचा दांडा सोडला.

"मालक, आशीर्वाद मी खोकला जावा म्हनून घेतला. दाबून ठेवाले नाई घेतला."

तिने कडी काढली, दार सताड उघडलं, उंबऱ्यावर उन्हात बसली आणि पोटभर खोकली. भगवंतराव येऊन म्हणाले, उद्यापासून येऊ नको. आणखीही काही म्हणणार होते.

आईने हात वर करून त्यांना थांबवलं. तिचं खोकून व्हायचं होतं.