कोरडा पाट

मल्लेश्वरमच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवून सकवारबाई घरी निघाल्या तेव्हा त्यांचा घसा बसला होता. तांबं वीज नेतं, रबर नेत नाही, सिलिकॉन या दोहोंच्या मधलं. वर्षानुवर्षं तीच वाक्यं. पोरं पेंगत होती, आणि त्यांनाही बोलायचा कंटाळा आला होता.

फाटक उघडलं तर शेजारच्या गंगव्वा कपडे वाळत घालायच्या तारेला दोन्ही हातांनी धरून ताठ उभ्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. भिंतीवरची विजेची वायर सोलवटून लोखंडी तारेला टेकली होती.

मेन स्विच घरमालकांच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. सकवारबाई हात धरायला धावल्या आणि मधेच थबकल्या. कोपऱ्यातला बांबू ओला होता. त्या वळून घरात पळाल्या, स्वयंपाकघरातले दोन लाकडी पाट घेऊन आल्या. एकावर उभं राहून दुसऱ्यानं त्यांनी गंगव्वांच्या मनगटांवर फटके मारले. हात सुटले, गंगव्वा खाली कोसळल्या.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. तळवे भाजले होते, जिवाला धोका नव्हता. गंगव्वांचा मुलगा हुबळीहून निघाला होता.

संध्याकाळी गंगव्वा हळूच म्हणाल्या, "अक्का, तुम्ही मागे फिरलात ते दिसलं मला. वाटलं, सोडून गेल्या."

सकवारबाईंनी स्टूल पलंगाजवळ ओढलं. "अंगात खारं पाणी असतं, त्यातून वीज जाते. हात धरला असता तर मीही चिकटले असते. ओल्या बांबूचंही तेच. कोरडं लाकूड तिला जाऊ देत नाही."

"कॉलेजात हेच शिकवता?"

"हे, आणि सिलिकॉन. शुद्ध असलं तर ते वीज फारशी नेत नाही. कणभर फॉस्फरस मिसळला की जादा इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ते वीज नेऊ लागतं. किती न्यायची ते आपण ठरवायचं. रेडिओ, कॉम्प्युटर त्यावरच चालतात."

"स्वल्प कळलं," गंगव्वा डोळे मिटून म्हणाल्या. "मुलगा येईपर्यंत बसाल?"

"सरी, बसते."

उद्याच्या तासाची तयारी राहिली होती. दंड ठणकत होते. सकवारबाईंनी भिंतीला डोकं टेकलं, आणि गंगव्वांच्या आधी त्यांनाच झोप लागली.