पाटावरचा लाकडी मासा

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी मासा आहे आणि नाहीही. मला डोळे आहेत, कल्ले आहेत, सोनेरी अंगावर काळे पट्टे आहेत. पण मी लाकडाचा आहे. माझ्या पोटात काटे नाहीत, पोलादाचे छर्रे आहेत. मला हलवले की ते टक्-टक् वाजतात. माझ्या जातीला ल्युअर म्हणतात. कोणी आमिषही म्हणेल, पण आमिष निदान खाता तरी येते. मला गिळायला येणाऱ्याच्या ओठात फक्त गळ अडकतो. जखमी माशाचे सोंग घेऊन पाण्यावर तडफडायचे, हा आमचा धंदा. त्या सोंगाचीच ही कहाणी आहे.

माझा जन्म सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनचा. तिथल्या एका जुन्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये गोह अंकल स्टूल टाकून बसत. सुतारकामातून ते निवृत्त झाले होते, पण हाताला चैन नव्हती. त्यांच्या शेजारच्या खोलीत शिरीष भाड्याने राहत असे. तो पुण्याचा, बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर होता. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याला कॉम्प्युटर नको असे. त्याला पाणी हवे असे. त्यानेच अंकलना माझी ऑर्डर दिली.

"मोठा करा, अंकल. चांगला वीतभर."

"सो बिग! फिश सी ऑलरेडी हार्ट अटॅक लाह!" अंकल आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. पण त्यांनी कोरले मात्र मला मन लावून. हलके मलायी लाकूड घेतले, पॉलिश पेपरने घासून घासून गुळगुळीत केले आणि शेपटीला पितळेचा छोटा पंखा बसवला. पाण्यावर ओढले की तो पंखा फरफर आवाज करी. माझ्याइतका देखणा ल्युअर त्या कॉरिडॉरमध्ये दुसरा नव्हता, हे मी नम्रपणे सांगतो.

इतका मोठा कशाला, ते ऐका. शिरीषने कुठेतरी वाचले होते की अमेरिकेत पानगळ संपत आली की मोठे बास मासे थंडीआधी पोट भरून घेतात. तेव्हा पाण्याच्या वर तरंगणारा मोठा ल्युअर फेकावा. आता सिंगापूरमध्ये कुठली आली पानगळ? इथे बारा महिने झाडे हिरवीच. पण नोव्हेंबरचा पाऊस सुरू झाला की जलाशयाचे पाणी गढूळ होते आणि बारक्या आमिषाकडे मासे ढुंकून पाहत नाहीत. तेव्हा मोठा, आवाज करणारा कोणीतरी लागतो. शिरीष म्हणे, "कार्तिक म्हणजे आपली पानगळ." मग दिवाळीच्या दिवसांत तो मला घेऊन उत्तरेकडच्या जलाशयावर जाई. तिथे पीकॉक बास मिळत. त्यांच्या शेपटीवर एक खोटा डोळा असतो. अंकलनी माझ्याही शेपटीवर तो रंगवला होता.

आमची कामाची रीत ठरलेली होती. शिरीष मला दूर फेकी. मी धपकन पडे आणि भोवती वर्तुळे उमटत. मग तो काहीच करत नसे. ती वर्तुळे विरेपर्यंत मी निपचित पडून राहायचे. सगळे शांत झाले की दोऱ्याला हलका हिसका बसे आणि मी जिवंत होई. तो हिसका म्हणजे माझा प्राण होता. मग अचानक खालचे पाणी फुटे आणि बास माझ्यावर तुटून पडे. काय तो धक्का असे!

पण शिरीष मासे घरी नेत नसे. तो त्यांना ओल्या हातात धरी आणि गळ सोडवी. गळ नुसता मागे ओढला तर ओठ फाटतो. आधी तो थोडा पुढे ढकलावा लागतो, मग सुटतो. मासा तडफडला की शिरीष त्याला लहान मुलासारखे समजावी, "बास, बास. झालं हं, बास." आणि पाण्यात सोडून देई. बासला बास म्हणण्यात त्याला भारी गंमत वाटे.

ही गंमत त्याच्या बहिणीबरोबरही चाले. मेधाताई सिंगापूरमध्येच, हौगांग भागात राहत. त्यांचे यजमान सुबोध अकाउंटंट होते, आणि इरा व निहार ही दोन मुले. दर भाऊबीजेला शिरीष जलाशयावरून थेट ताईंकडे जाई आणि दर वेळी उशीर करी. मग ताईंचा फोन येई, "शिरीष, बास आता!" आणि हा म्हणे, "बास लागल्याशिवाय बास नाही गं, ताई!"

२००४ सालच्या भाऊबीजेला त्याला सुट्टीच होती. दुपार कलली होती आणि पश्चिमेला ढग काळे होत चालले होते. मी गळाच्या रॉडच्या टोकाला लोंबकळत होतो. फोन वाजला. ताईंचा आवाज इतका मोठा होता की तो मलाही ऐकू आला.

"शिरीष, रांगोळी काढून झाली, पोरं खोळंबली आहेत. आभाळ बघ कसलं आलंय. बास आता!"

"शेवटचा एक, ताई. हा फेकला की निघालोच."

त्याने मला फेकले. मी पाण्यावर पडलो, वर्तुळे उमटली. ती विरायची वाट पाहत मी पडून राहिलो. तेवढ्यात सारे आभाळ पांढरे झाले आणि असा आवाज झाला की माझे छर्रे आपोआप खडखडले. दोरा ढिला पडला.

वर्तुळे विरली, मित्रांनो. हिसका आला नाही. पाऊस आला, माणसांची ओरडाआरड ऐकू आली. मला काही कळेना. मी आपला निपचित पडून होतो, कारण हुकूम तोच होता. वीज शिरीषवर पडली होती. तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी गोह अंकल जलाशयावर आले. काठाच्या गवतात मी अडकलो होतो. त्यांनी मला रुमालात गुंडाळले आणि हौगांगला नेऊन ताईंच्या हातात ठेवले.

ताईंनी मला देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवले. तेव्हापासून त्या घरात एक शब्द बंद झाला. तसा नियम कोणी केला नव्हता. पण भावाशी त्या शेवटचे जे बोलल्या होत्या त्यात तो शब्द होता, आणि तो पुन्हा त्यांच्या तोंडी आला नाही. सुबोध पानावर आडवा हात धरून "पुरे" म्हणत. मुले "इनफ" म्हणत. निहार तर तेव्हा इतका लहान होता की "बास" म्हणजे पुरे, हे त्याच्या कानावर कधी पडलेच नाही.

पुढच्या वर्षीची भाऊबीज आली. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचे, ही आपली रीत तुम्हाला माहीत असेल. सुबोध हळूच म्हणालेही, "मेधा, चंद्राला ओवाळतेस का?"

"चंद्राला का म्हणून?" ताई एकदम म्हणाल्या. "मला भाऊ आहे."

त्यांनी पाट मांडला. भोवती रांगोळी काढली. आणि पाटावर मला ठेवले.

माझ्या कपाळाला, म्हणजे जिथे अंकलनी सोनेरी रंग दिला होता तिथे, कुंकू लागले. अंगावर अक्षता पडल्या. सुपारी आणि अंगठी ओवाळून झाली आणि निरांजनाची ज्योत माझ्या रंगवलेल्या डोळ्यांसमोरून गोल फिरू लागली. मला भीती वाटली. मासे फसवणे निराळे आणि हे निराळे. आणि नेमके तेव्हाच माझ्या पोटात टक्-टक् झाले.

ताईंचा हात थांबला. "आला," त्या पुटपुटल्या. "शिरीष आला."

"अपस्टेअर्स मार्बल्स लाह, आई," इरा घाईघाईने म्हणाली. वरच्या घरातून गोट्या सांडल्याचा आवाज येतो, तो भुताचा असतो, असे इथल्या सगळ्या शाळांतली मुले एकमेकांना सांगतात. पण वर भूत नव्हते. वर मकचिक राहत, म्हणजे मलायी मावशी. त्यांची हरी राया, आपण जिला ईद म्हणतो ती, त्या वर्षी भाऊबीजेच्या जोडीनेच आली होती. पाहुण्यांसाठी त्या दगडी खलात मिरच्या कुटत होत्या. त्या ठोक्यांनी भिंत हादरत होती, भिंतीला टेकलेला पाट हादरत होता आणि माझे छर्रे वाजत होते. मला हे कळत होते, पण सांगणार कसे? लाकडाला तोंड असून उपयोग काय?

त्याच्या पुढच्या वर्षीही ईद आणि भाऊबीज गळ्यात गळा घालून आल्या. पुन्हा मी पाटावर. पुन्हा टक्-टक्. ताई त्या आवाजाशी बोलल्या, त्याला जेवायला काय केले आहे ते सांगितले. माझा गळ त्यांच्या आत खोल रुतत होता, आणि तो सोडवणारे ओले हात आता कुठेच नव्हते.

मग २००७ साल आले. ईद त्या वर्षी महिनाभर आधीच येऊन गेली. भाऊबीजेच्या संध्याकाळी वर सामसूम होती. ताईंनी पाट मांडला, मला ठेवले, कुंकू लावले आणि ओवाळले. माझ्या पोटात काहीच वाजले नाही.

"शिरीष?" ताई म्हणाल्या.

त्यांनी ताट पुन्हा एकदा फिरवले. "शिरीष, बोल ना रे. रागावलास का?"

सुबोध दारात उभे होते. निहार नवा कुर्ता घालून भिंतीशी उभा होता. ज्योत वाकडीतिकडी होत होती. आणि टक्-टक् झाले.

ताईंचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी आजही विसरू शकत नाही, कारण दुसऱ्याच क्षणी त्यांची नजर खाली गेली. इराच्या पायाचा अंगठा पाटाखाली होता.

"इरा!"

"सॉरी, आई." इरा रडू लागली. "मामा बोललाच नाही. मग तू परत जेवणार नाहीस ना... म्हणून मी केलं."

दहा वर्षांच्या त्या पोरीने मेलेल्या मामाचे सोंग घेतले होते. ल्युअर मी होतो, मित्रांनो, ती नव्हती. ताईंनी ताट खाली ठेवले. तेवढ्यात निहारने विचारले, "आई, माझा टर्न कधी? एव्हरी इयर मामाच बसतो."

त्या घरात पाट एकच होता. इराने भावाला एकदाही ओवाळले नव्हते. हे इतके दिवस कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

ताई ताट घेऊन उठल्या आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये गेल्या. दार उघडे होते, मला पाटावरून सगळे दिसत होते. समोरच्या इमारतीच्या डोक्यावर ढग थोडे फाटले होते आणि तिथे द्वितीयेची कोर होती, कापलेल्या नखाएवढी. ताईंनी ताट उचलले. पहिल्यांदा ते वर जाईना. मग गेले. त्यांनी चंद्राला ओवाळले आणि कठड्याला धरून हुंदके देत रडल्या. शेजारची चिनी बाई वाळलेले कपडे काढायला बाहेर आली होती, ती आल्या पावली आत गेली.

परत आल्यावर त्यांनी मला उचलले, पदराने कुंकू पुसले आणि निहारला म्हणाल्या, "बस, बाळा. तुझी जागा आहे." इराने त्याला ओवाळले. तिला नीट जमत नव्हते, ताईंनी तिचा हात धरला.

जेवताना ताई वाढत होत्या. निहारने पानावर हात आडवा धरला. "इनफ, आई."

ताई थांबल्या. पळी तशीच हातात राहिली. मग त्या सावकाश म्हणाल्या, "बास म्हणावं, राजा. आपल्यात बास म्हणतात."

"बास," निहार म्हणाला.

"बास," ताई म्हणाल्या. आणि अजून एकदा, कोणाकडेच न बघता, "बास हं. झालं."

दुसऱ्या दिवशी सुबोधनी पकडीने माझे गळ काढून टाकले. आता मी मुलांच्या खोलीत खिडकीशी टांगलेला असतो. माझा रंग उडाला आहे, पंखा काळा पडला आहे. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर जपा. त्यांच्यावरची धूळ पुसा, त्यांना गंज चढू देऊ नका. पण त्यांना माणसाच्या पाटावर बसवू नका. आम्ही सोंग फार चांगले घेतो आणि घरातली जिवंत मुले भिंतीशी उभी राहतात.

एवढे शहाणपण मी तुम्हाला सांगतो खरे. पण नोव्हेंबरात ढग दाटून आले की मी अजून निपचित होतो, वर्तुळे विरायची वाट पाहतो. कधी कधी पोटातले छर्रे वाजतात. तेव्हा वर कोणी मिरच्या कुटत नसते, पाटाखाली कोणाचा अंगठा नसतो, वारासुद्धा नसतो. दोऱ्याला हिसका बसल्यासारखे वाटते. मग मी मलाच समजावतो, बास, बास.