आडवी बल्ली

मंगळवारपासून सॅम्युअलचा फोन बंद होता. दिवाळीनंतर तो गावातल्या टोळीबरोबर गुजरातेत, व्याऱ्याच्या बाजूला ऊसतोडीला गेला होता. रोज संध्याकाळी भाकरी खाल्ली की तो रूथला फोन करायचा. चार वर्षांच्या संसारात, तो बाहेरगावी असताना, त्यात कधी खाडा पडला नव्हता.

बुधवारी रूथनं टोळीतल्या दलसिंगला फोनवर गाठलं.

"आहे ना वहिनी. कामावर आहे."

"मग दे त्याला."

"तो... लांबच्या फडात आहे. फोन पाण्यात पडला त्याचा. संध्याकाळी बोलायला सांगतो."

संध्याकाळी दलसिंगचाही फोन लागेना.

गुरुवारी तिचं कुठंच बूड टेकेना. अंगण दोनदा झाडून झालं. तूर उन्हात पसरली, गोळा केली, पुन्हा पसरली. प्रार्थनेला गुडघे टेकले, तर 'आमेन' म्हणायच्या आधीच ती उठली. मागच्या दारी आली तेव्हा भिंतीला टेकवलेल्या निलगिरीच्या बल्ल्या दिसल्या. चार उंच, सारख्या. पाचवी मनगटाहून चांगली जाड. साली सोलून सॅम्युअलनंच वाळत ठेवल्या होत्या. रूथच्या माहेरी झोका होता, इथं नव्हता. "परत आलो की तुला करून देतो," असं तो जाताना म्हणाला होता.

रूथचा बाप सुतार. करवतीचं दुसरं टोक धरून ती लहानाची मोठी झाली होती. तिनं पदर खोचला आणि कोनाड्यातून करवत, गिरमिट काढलं. हात कशात तरी गुंतायला हवे होते.

नट-बोल्ट आणायला ती जीपनं खांडबाऱ्याला गेली. दुकानदारानं कशाला हवेत ते विचारलं. ऐकून म्हणाला, "बहीन, झोकाना पाय लांब लांब ठेवजो. नहीते उलटी जाई."

तिचं लक्ष होतंच कुठं! वाटेत मोबाइलला रेंज आहे का, हेच ती पाहत होती. घरी येऊन तिनं दोन-दोन बल्ल्या वरच्या टोकाशी जुळवल्या, भोकं पाडली, बोल्ट आवळले. कात्रीच्या पायांसारख्या दोन कैच्या झाल्या. पहिली उभी केली आणि हात सोडताच ती भुईवर आदळली.

आवाज ऐकून शेजारच्या गंगीबाई कुडाकडून आल्या. नात्यानं सॅम्युअलची काकी, वय साठीच्या पुढचं. पडलेली कैची त्यांनी पाहिली, मग रूथचं तोंड पाहिलं.

"काही कळलं का त्याचं?"

"काही नाही काकी."

"मग हे घाईनं कशाला? पाय बघ किती जवळ घेतलेस. फाकव. आणि खाली खड्डे घे, हातभर."

शुक्रवारी सकाळी दोघींनी मिळून खड्डे खणले. कैच्या उभ्या केल्या, दगड ठोकून माती दाबली. आता जाड बल्ली आडवी चढवायची होती. रूथ एका बाजूला पिंपावर चढली. दुसऱ्या बाजूला गंगीबाई खाटेवर उभ्या राहिल्या. बल्लीचं एक टोक त्यांनी डोक्यावरच्या चुंबळीवर घेतलं, दुसरं रूथनं खांद्यावर. बल्लीच्या भोकाला कैचीचं भोक जुळलं, रूथनं बोल्ट आत सारला, आणि ओट्यावर मोबाइल वाजायला लागला.

रूथचा खांदा हलला. तिकडं गंगीबाईंची मान कचकन वाकली.

"जा तू," त्या दातओठ खाऊन म्हणाल्या. "मी धरते."

त्यांना एकटीला ती पेलणार नव्हती. त्यांची चुंबळ कपाळाकडं सरकत होती, ते रूथला दिसत होतं. आपण उतरलो तर बल्ली थेट म्हातारीच्या मानेवर. ओट्यावर फोन वाजून वाजून थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"सोडू नका काकी! आलेच मी."

बोल्टावर नट बसेना. बोटं घामेजली होती. दोनदा नट हातातून निसटता निसटता राहिला. तिसऱ्यांदा आटे लागले. ती उडी मारून पलीकडं धावली, खाटेवर चढून बल्ली आपल्या खांद्यावर घेतली आणि तिथला बोल्टही सारून पान्ह्यानं आवळला. तेवढ्यात फोन पुन्हा थांबला.

नंबर अनोळखी होता. तिनं उलट लावला. व्याऱ्यातला एक चहावाला निघाला. समोरच्या दवाखान्यातल्या एका माणसानं चहावाल्याचा मोबाइल मागून फोन केला होता.

"कसा माणूस?"

"दुबळा, काळा. पगे पाटो छे. पायाला पट्टी. अंदर गयो."

पायालाच. म्हणजे जिवंत होता. रूथ तशीच घरात धावली. पिशवीत दोन कपडे, भाकरी आणि तेलाची बाटली टाकली. गंगीबाई मान चोळत म्हणाल्या, "कोंबड्या मी बघते. पळ." व्याऱ्यावरून सुरतेला जाणारी दुपारची गाडी तिनं धावत गाठली.

सॅम्युअल दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटेवर होता. ऊस तोडताना कोयता नडगीत रुतला होता. बारा टाके पडले होते.

"फोन खरंच पाण्यात पडला होता. पायाचं कळून तुला घोर नको म्हणून दलसिंगला गप्प बसवलं होतं," तो खालच्या मानेनं बोलला. "पण आज राहवलंच नाही."

"घोर नको?" रूथचा आवाज एवढा चढला, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "तीन दिवस मी मेलेलाच धरलं तुला! कळतं का?"

तिनं भाकरी मोडून त्याच्या हातात दिली. मग ती म्हणाली, "फोन वाजत होता तेव्हा मी बल्ली धरून उभी होते. काकी बल्लीखाली होत्या. नाही सोडता आली."

"कसली बल्ली?"

तिनं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

आठवड्यानं ती त्याला घेऊन आली. महिनाभर कामाचं नाव नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रूथनं आडव्या बल्लीला दोराचा नाडा बांधला, फळी घातली आणि त्याला झोक्यावर बसवलं. दुखरा पाय पुढं स्टुलावर ठेवला. आता बूड टेकेना ते त्याचं. टोळीत काय चाललं असेल, फड संपला असेल का, दलसिंगचा फोन का येत नाही, दिवसभर हेच.

"गप बस की जरा," रूथ म्हणाली.

"बसलोय की." त्यानं मान वर करून जोड तपासला, एका हातानं कैचीचा पाय हलवून पाहिला. तो हलला नाही. "गिरमिट वाकडं गेलंय तुझं इथं."

"गेलंय," ती म्हणाली, आणि त्याच्याच शेजारी, उरलेल्या वीतभर फळीवर टेकली.