मधला कप्पा

नालवाडीतल्या त्या घरात जेवताना कुणी मच्छीचं नाव काढलं तरी भैय्याजी ताट सरकवून उठत. तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, आणि चातुर्मासात घरात कांदासुद्धा बंद. अशा घरात सुनेनं हॉलमध्ये मासे पाळायचे म्हटल्यावर काय झालं असेल ते सांगायला नकोच. पण रक्षाही हट्टाची होती. लग्नाआधी वनस्पतीशास्त्रात एमएस्सी झाली होती, आणि लग्नानंतरच्या चार वर्षांत त्या एमएस्सीनं तुळशीला पाणी घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. या घरात एक गोष्ट तिला स्वतःच्या डोक्यानं उभी करून दाखवायची होती. बस, एकच.

भैय्याजींनी शेवटी हो म्हटलं, पण व्यापाऱ्यासारखी अट घालूनच. "ठेव. पण माह्या घरात ज्या दिवशी एक मच्छी मेली, त्या दिवशी टाकी बाहेर. मग रडाचं नाई."

"नाई रडणार, बाबूजी," रक्षा म्हणाली.

टाकी तीन फुटांची, काचेची. दोन्ही टोकांना एकेक फायटर मासा, एक लाल, एक निळा. ही फायटर म्हणजे महाभांडखोर जात. दोन नर एकत्र सोडले की एकाचा मुडदा पडलाच म्हणून समजा. तेव्हा मध्ये आडोसा हवा. पण काच लावली तर पाणी अडतं, म्हणून तिनं भरतकामाची प्लास्टिकची जाळी कापली आणि प्रोजेक्ट फाईलच्या पट्ट्या टाकीला चिकटवून त्यांच्या खाचेत ती बसवली. असे तीन कप्पे झाले. मधला झाडांचा. खाली दाट पाणवनस्पती, वर मनीप्लांटच्या फांद्या, मुळं पाण्यात सोडलेली. माशांची घाण जाळीतून मध्ये यायची, ती झाडं खायची, पाणी साफ. शिवाय झाडांच्या पडद्यामुळं दोन्ही पैलवानांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. फिल्टरची मशीन तिनं मुद्दामच घेतली नाही, फायटरला पाण्याचा जोर सोसत नाही. कोपऱ्यात बुडबुड्यांचा एक लहानसा पंप, तेवढाच.

झाडांनी मूळ धरावं म्हणून महिनाभर टाकीत नुसतं पाणी आणि हिरवळ. भैय्याजी दुकानात जाताना रोज विचारायचे, "काऊन सूनबाई, मच्छ्या गावाले गेल्या का?" रक्षाचा नवरा पियुष त्यावर खो खो हसायचा. सासूबाई, प्रमिलाबाई, तेवढ्या हसायच्या नाहीत. दुपारी माळ ओढत टाकीसमोर बसायच्या. एकदा म्हणाल्या, "पाणी किती निवळ आहे, माय!" रक्षा कामात होती, तिनं नुसतं हं केलं.

मासे आले, दोन महिने मजेत राहिले. श्रावण लागला आणि आठ-दहा दिवसांत पाणी दुधाळ झालं. वास मारू लागलं. निळा मासा तळाशी पडून राहायला लागला. रक्षाचा धीरच सुटला. रोज बादलीभर पाणी बदललं, माशांचं खाणं कमी केलं. झाडं कमी पडली, गणित चुकलं, कसली एमएस्सी न् काय, असं म्हणत स्वतःलाच शिव्या घालत राहिली. पाचव्या दिवशी मनीप्लांटची मुळं मोकळी करायला हात घातला, तर बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. ओढून काढलं तर कुजलेला झेंडू. मागोमाग बेलाची पानं, दुर्वांची जुडी आणि तुपाची फुलवात.

ओल्या हातानंच ती देवघरात गेली.

"आई, टाकीत निर्माल्य तुम्ही टाकता?"

"हो." लपवाछपवी नाही, काही नाही. "मधातल्या खणात टाकते. मच्छीच्या अंगावर नाई टाकत, बाप्पा."

"पण काऊन?"

"आधी पियुष दर सोमवारी पवनारले जाऊन धाम नदीत सोडे. आता त्याले फुरसत नाई. पिशवी दाराआड लटकून राह्यते, मुंग्या लागतात. देवाचं आहे, नालीत फेकू का? घरात चांगलं पाणी म्हणशील तर एवढंच. तूच तर केलं."

रागानं रक्षाची कानशिलं तापली होती, पण आता भांडावंसंही वाटेना. चार वर्षांत तिच्या कामाला या घरात कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते असं.

"मासा मराले टेकला, आई," एवढंच ती म्हणाली. प्रमिलाबाईंच्या हातातली माळ थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळा मासा पाण्यावर आडवा तरंगत होता.

भैय्याजींनी चहाचा कप खाली ठेवला. "बोली ठरली होती, सूनबाई. पियुष, दुकानावरून हमाल बोलाव."

पियुषनं मोबाईल काढला. रक्षानं खरं सांगितलं तर टाकी वाचत होती. पण सांगायचं म्हणजे सासूला सासऱ्यासमोर उभं करायचं, तेही देवाच्या फुलांवरून. जीभ रेटेना. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"थांबा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला असं थांबवलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"मच्छी मी मारली. श्रावण लागल्यापासून तिच्या पाण्यात निर्माल्य टाकून राह्यली होती. तिच्या टाकीत काई खोट नाई. बाहेर काढाचं असंल तर मले काढा."

भैय्याजी बघतच राहिले. बायकोकडे, मग टाकीकडे, मग परत बायकोकडे. शेवटी चपला पायात सरकवत पियुषवर खेकसले, "फोन ठेव तो, बह्याडा! अन् दर सोमवारी पवनारले जाजो. दुकान मी पाहतो." उरलेला चहा तसाच टाकून ते निघून गेले.

रक्षानं जाळीच्या चमच्यानं निळा मासा अलगद उचलला. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण त्याहून जास्त आनंद झाला होता. तिची टाकी, असं सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. हातात मेलेला मासा धरून आपण खुश होतोय याची तिला लाज वाटली, तरी खुशी काही जाईना.