पी. डी. नाखवांचं चार मिनिटांचं निवेदन

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या पोपट दामाजी नाखवाला आपला आवाज फार आवडायचा. जिल्हा परिषदेत आवक-जावक विभागात त्याची नोकरी होती आणि तिथेही तो टपाल स्वीकारताना पाकिटावरचा पत्ता असा काही वाचायचा की शिपाई बिचकून उभा राहायचा. पण त्याचं खरं आयुष्य शनिवार-रविवारचं. दौलत मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात तो बारा वर्षं निवेदक होता. पोपट या नावाचा निवेदक म्हटलं की लोक आधीच हसतात, म्हणून जाहिरातीत तो 'पी. डी. नाखवा' असायचा. झुळझुळीत कुडता, कपाळावर एक बट मुद्दाम सोडलेली, हातात शेरांची वही. दोन गाण्यांच्या मधे तो माईकपाशी यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "रसिकहो..."

त्या 'हो'वर तो इतका वेळ रेंगाळायचा की काँगोवाला तेवढ्यात तंबाखू मळून घ्यायचा.

रंगमंचावरचे दिवे डोळ्यांवर येतात, त्यामुळे समोरच्या अंधारात काय चाललंय ते दिसत नाही. ऐकू मात्र येतं. आपण बोलायला लागलो की प्रेक्षागृहात एक खट-खट, खट-खट असा आवाज होतो, हे पोपटने पहिल्याच वर्षी टिपलं होतं. फार विचार करून त्याने त्याचा अर्थ लावला होता. माणूस आतून हलला की त्याला एका जागी बसवत नाही. शब्द काळजाला भिडला की तो खुर्चीत चुळबुळतो. हा अर्थ त्याने ऑफिसातल्या दोघातिघांना समजावूनही सांगितला होता.

एक्क्याण्णव साली दौलत मास्तरांची गाठ रतन गुप्तेशी पडली. हा नौपाड्यातला मुलगा दोन वर्षं जर्मनीत राहून आधुनिक नृत्य शिकून आलेला. बायका घालतात तसली सैल विजार घालायचा आणि बोलताना हवेत हात कालवायचा. गाण्यांचे कार्यक्रम आता चालेनासे झाले होते, घरोघरी व्हिडिओ आले होते. रतन म्हणाला, "मास्तर, ऑर्केस्ट्रा, नृत्य आणि पडद्यावर स्लाइड्स, सगळं एकत्र करू. याला मल्टिमीडिया म्हणतात." मास्तरांनी त्यातलं एकच ऐकलं, की अकरा वादकांचं काम टिकतंय. ते हो म्हणाले. कार्यक्रमाचं नाव ठरलं 'जलस्पंदन'. खाडीकाठच्या माणसांवर दीड तासाचा प्रयोग, ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि पुढे जमेल तिथे.

"नाखवा, तुमचं निवेदन मात्र टेपवर घ्यावं लागेल," रतन म्हणाला. "स्लाइड आणि दिवे त्याच्याशी जुळवायचेत. एक सेकंद इकडे-तिकडे नको."

पोपटला आधी वाईट वाटलं. मग आपला आवाज टेपवर कायमचा राहणार हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तीन दिवस थंड पाणी सोडलं. रघु नावाच्या रेकॉर्डिस्टच्या खोलीत, चारी भिंतींना सतरंज्या लावून, सहा निवेदनं झाली. सगळ्यात मोठं होतं चार मिनिटं दहा सेकंदांचं, कोळ्यांचा नाच संपून भरतीचा नाच सुरू होण्याआधी. त्यात सागर म्हणजे शांती, सागर म्हणजे माता, सागर म्हणजे अथांग मौन असं बरंच होतं. मौनावर तर तो पाऊण मिनिट बोलला होता.

पहिला प्रयोग ठाण्यालाच, तलावाकाठच्या नाट्यगृहात, रविवारी दुपारी चारला. पोपटला रंगमंचावर कामच नव्हतं. म्हणून बारा वर्षांत पहिल्यांदा तो प्रेक्षागृहात बसला, पाचव्या रांगेत, बायकोशेजारी. तुळसाने केसांत अबोलीचा वळेसर माळला होता. कोळ्यांचा नाच छान झाला. टाळ्या पडल्या, पडदा पडला, पडद्यावर मावळत्या सूर्याची स्लाइड आली आणि वरच्या कर्ण्यातून पोपटचाच आवाज आला.

"रसिकहो..."

खट-खट. खट-खट-खट.

पोपटने मान वळवून पाहिलं. लोक उठत होते. माणूस उठला की घडीची खुर्ची आपोआप मिटत होती आणि मिटताना खट् वाजत होती. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "चला, पोपटपंची सुरू झाली. वडा खाऊन येऊ." त्याला पोपटचं नाव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तो सहजच बोलला होता.

शेजारी तुळसाही उठून पदर सावरत होती.

"तू कुठं निघालीस?"

"चहाला."

"अगं, माझं निवेदन चाललंय!"

"म्हणूनच तर. आता बसून रायले त रांगेत शेवटाला." मग त्याचा चेहरा बघून ती जरा थांबली. "अवो, बारा वरसं हेच करते मी. तुमी बोलाला लागलात की चहा पिऊन येते. परत येते तवा तुमी तिथंच असता. तुमाला आनू का अर्धा?"

पोपट एकटा बसून राहिला. चार मिनिटं दहा सेकंद किती असतात हे त्याला त्या दिवशी कळलं. ज्या मौनावर त्याने एवढी मेहनत घेतली होती, त्या मौनाच्या वेळी आजूबाजूच्या नऊ खुर्च्या रिकाम्या होत्या आणि दहावीत एक आजोबा झोपले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अडीच मिनिटांनंतर त्याला स्वतःलाही वड्याचा वास यायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो तालमीच्या जागी गेला. रात्रभर त्याने भाषण जुळवलं होतं. कलावंताने स्वतःच्या शब्दावर सुरी चालवायला कचरू नये वगैरे. त्यातलं त्याने फक्त शेवटचं वाक्य म्हटलं. "सर, ते मोठं निवेदन कापा. अर्ध्या मिनिटावर आणा."

रतनने दौलत मास्तरांकडे पाहिलं. मास्तर अकॉर्डियन पुसू लागले.

"नाही कापता येणार," रतन म्हणाला.

पोपटच्या छातीत जरा ऊब आली. "म्हणजे तुम्हाला ते आवश्यक वाटतं?"

"फार आवश्यक. भरतीच्या नाचाला तीस मीटरचं निळं कापड अंथरायला चार मिनिटं लागतात."

"आणि मला वाटलं..."

"अरे पोपट," मास्तर एकदाचे बोलले, "ऑर्केस्ट्रात पण तुझं निवेदन का ठेवलेलं? धोंडीबाला सॅक्सोफोन वाजवून झाला की विडी लागायची. मागच्या दाराने जाऊन यायला तीन मिनिटं. मी कधी तुला म्हटलं का, आटप म्हणून? उलट म्हणायचो, अजून एक शेर टाक."

ते खरं होतं. 'अजून एक शेर टाक' हे मास्तरांचं वाक्य पोपटने आपल्या गौरवासारखं मनात जपलं होतं. ते कोणाच्या विडीसाठी होतं हे कळल्यावर तो सरळ घरी आला आणि तापाचं कारण सांगून दोन दिवस ऑफिसला गेला नाही. तुळसाने ताप पाहिला, नव्हता. तरी तिने बोंबलाचं कालवण केलं.

तिसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच हसू आलं. आपण जे आहोत ते आहोत, म्हणजे मधली जागा भरायला ठेवलेला माणूस. पण निदान ती जागा एवढी मोठी का, हे तरी बघू.

पुढचा प्रयोग कल्याणला होता. तिथे तो आपल्याच निवेदनाच्या वेळी पडद्यामागे जाऊन उभा राहिला. पडद्यापुढे त्याचा आवाज सांगत होता, "सागर म्हणजे शांती." पडद्यामागे आठ नाचणारी मुलं-मुली अनवाणी धावत होती, निळ्या कापडाचं गाठोडं सोडवत होती आणि एकमेकांना शिव्या देत होती. कापड दर वेळी पिळ्यासारखं गुंतायचं. एक जण इकडून ओढी, दुसरा तिकडून. "सागर म्हणजे माता," वरून आवाज आला आणि खाली एक मुलगा दुसऱ्याच्या आईचं नाव घेत होता.

पोपट कोळ्याचा मुलगा. जाळं कसं अंथरतात ते त्याने लहानपणी बापाच्या होडीत बसून पाहिलं होतं. त्याचा हात शिवशिवला. "बाजूला व्हा रे, मला येतं हे," असं म्हणून तो पुढे झाला आणि कापडाचं टोक त्याने खांद्यावर घेऊन झोकात फेकलं.

पण जाळं पाहणं वेगळं आणि फेकणं वेगळं. शिवाय मधे तीस वर्षं गेली होती, त्यात त्याने आवक-जावक रजिस्टरापलीकडे काही उचललं नव्हतं. कापड पुढे गेलंच नाही, त्याच्याच पायाला वळसा घालून मागे आलं. सोडवायला तो वाकला तर दुसरा वळसा गळ्यात पडला. तेवढ्यात निवेदन संपलं. टेप कोणासाठी थांबत नाही. पडदा वर गेला, निळे दिवे लागले, व्हायोलिनं सुरू झाली आणि कल्याणच्या साडेसातशे रसिकांना दिसलं की समुद्राच्या मधोमध झुळझुळीत कुडत्यातला एक पोक्त माणूस गुडघ्यांवर आहे आणि बाहेर यायची धडपड करतोय.

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, मोठा मासा गावलाय! खेचा!"

हशा असा उसळला की व्हायोलिनं दोन ओळी ऐकू आली नाहीत. नाचणाऱ्यांनी मग त्याला कापडासकट गुंडाळून विंगेत नेलं. रतन विंगेत कपाळाला हात लावून उभा होता. "नाखवा, मी जर्मनीत दोन वर्षं काढली," तो एवढंच म्हणाला. पोपट गुंडाळलेला होता, त्यामुळे हात जोडणंही शक्य नव्हतं.

दुसरा कोणी असता तर त्याने पुन्हा तोंड दाखवलं नसतं. पोपटलाही तसंच वाटलं, पण सोमवारी संध्याकाळी तो आईकडे गेला. सगुणाबाई सत्तरीच्या होत्या, ओट्यावर बसून सुकट निवडत होत्या. सगळी हकिगत ऐकून त्यांनी आधी पोट धरून हसून घेतलं.

"अरं पोपट्या, आधी घडी, मंग फेकनं! घडीच चुकली त जालं तुझेच पायान येल नाय त कुनाचे? तुझा बापूस फेकाचा ते तू बघलास. पन घडी मी घालाची. ती कवा बघलीस?"

खरंच, ती त्याने कधी पाहिली नव्हती.

तुळसाच्या पाच जुन्या साड्या एकमेकींना शिवून म्हातारीने त्याला चार संध्याकाळ ओट्यावर बसवलं. थर उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक थर एका वितीएवढा. जे टोक आधी जायचं ते सगळ्यात वर. आणि मधे कुठेही पीळ नाही. चुकलं की म्हातारी मनगटावर चापट मारायची. आळीतली माणसं येता-जाता थांबायची. "काय पोपटभाऊ, मासेमारीला चाललास का?" तुळसा दारात उभी राहून तोंडाला पदर लावायची. पोपट घाम पुसत घड्या घालत होता आणि नवल म्हणजे, त्या चार संध्याकाळी तो जवळजवळ काही बोलला नाही.

डोंबिवलीला एका शाळेच्या पटांगणात मांडव घालून प्रयोग होता. पोपटने कापडाची घडी सकाळीच घालून ठेवली होती आणि कोणाला हात लावू दिला नव्हता. कोळ्यांचा नाच संपला, पडदा पडला. दोन मुलांनी दोन टोकं धरली आणि सरळ पळत सुटली. कापड थरामागून थर सोडत सरसर उलगडत गेलं, जसं काही त्याला कोणी रस्ता सांगितलाय. एकदाही अडलं नाही. मालू नावाची मुख्य नर्तकी घड्याळ बघत होती. "पंचवीस सेकंद," ती कुजबुजली. मग आठही जणं आपापल्या जागी उभी राहिली आणि वरून पोपटचा आवाज ऐकत पावणेचार मिनिटं तशीच तिष्ठत राहिली. एकाच्या पायात गोळा आला. मालूने पोपटकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

रघुकडे जाऊन टेप त्याने स्वतःच कापायला लावली. रघु ब्लेड घेऊन बसला. "काय ठेवू?" पोपट म्हणाला, "शांती काढ." शांती गेली. माता गेली. मौन निघालं तेव्हा टेबलाखाली टेपचा एवढा ढीग झाला की रघुने पायाने सरकवला. पोपटला रडू येईल असं वाटलं होतं. पण खरं सांगायचं तर दात काढल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं. शेवटी उरलं ते तीस सेकंदांचं होतं, आणि त्यातही 'रसिकहो'चेच सहा सेकंद होते. ते कापायला मात्र त्याने नकार दिला. माणसाने एकाच दिवसात किती सुधारावं यालाही मर्यादा असते.

'जलस्पंदन'चे पुढे एकवीस प्रयोग झाले. नाशिकला झाला, नगरला झाला. पोपट रजा टाकून सगळ्यांना गेला. रतनने त्याला घडी घालण्याचं काम अधिकृतपणे दिलं. शेवटी रतन बंगळूरच्या एका नृत्यसंस्थेत निघून गेला आणि कार्यक्रम थांबला, पण त्याआधी ठाण्याला एक प्रयोग झाला, त्याला सगुणाबाई आल्या. आयुष्यात पहिल्यांदा नाट्यगृहात आल्या, तेही पहिल्या रांगेत, पाय वर घेऊन. भरतीचा नाच त्यांनी पापणी न हलवता पाहिला.

बाहेर आल्यावर पोपटने विचारलं, "कसा वाटला समुद्र, आये?"

"घडी बरी हाय. पन निला कशाला केलास रं? आपली खाडी निली कवा बघलीस? चिखलाचे रंगाची हाय ती."

"आये, तो रंग रतनसरांनी ठरवलाय. दिव्यात निळाच चांगला दिसतो."

"मंग लोकांना कलाला नको? तुला त बोलाला येतं. दोन सबुद सांग ना आधी, का खाडी अशी असतं म्हनून."

पोपटने तोंड उघडलं. खाडीच्या रंगावर त्याच्याकडे सांगण्यासारखं खरोखर बरंच होतं. मग त्याने तुळसाकडे पाहिलं. ती कँटीनच्या रांगेकडे बघत होती.

"नको, आये," तो म्हणाला. "चल, वडा खाऊ."