फ्लोराबायचा नवस आणि माझी दोन चाकं

ब्रिटनचं वाळवंट आडवं ओलांडणारी जी जुनी माउंटन बाइक, ती मीच, मित्रांनो. एका बहिणीचा नवस मी फेडला आणि शेवटी मला मलिद्याचा प्रसादही मिळाला, म्हणजे माझ्या मडगार्डवर सांडला.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. ब्रिटनमध्ये वाळवंट नाही, मला मडगार्ड नाही आणि मी अजून जन्मायची आहे.

माझा जन्म १९८८ साली बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात झाला. आई-वडील म्हणायचे तर एक वेल्डिंगचं मशीन आणि एक सतत चहा पिणारा माणूस. दोघांनीही पुढे कधी माझी चौकशी केली नाही. माझ्या नळीवर त्यांनी पिवळ्या निवडुंगाचं चित्र चिकटवलं आणि खाली इंग्रजीत लिहिलं, 'सर्व वाळवंटांसाठी योग्य'. माझी चाचणी मात्र कारखान्यामागच्या डबक्यात घेतली. डबक्यातून मी बाहेर आले, एवढ्यावर मला पास केलं.

मग रीडिंगमधल्या एका दुकानाच्या काचेत मी उभी राहिले. लोक थांबायचे, माझे जाड टायर अंगठ्याने दाबून बघायचे, "वा, काय बाइक आहे!" म्हणायचे आणि आत जाऊन एक घंटी विकत घेऊन जायचे. कौतुकावर पोट भरत असतं तर मी ट्रक झाले असते.

शेवटी मला घरी नेलं ते मनाशे पेणकर यांनी. आपण त्यांना मनाशेकाका म्हणू. हे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मूळ कुलाबा जिल्ह्यातले, वाढले मुंबईत. ते आणि त्यांची मोठी बहीण फ्लोरा, दोघांनी मुंबई एकाच वर्षी सोडली. बहीण इस्राएलमध्ये दिमोनाला गेली, भर वाळवंटात. भाऊ रीडिंगला आला, भर पावसात. तेव्हापासून कुणाचं चुकलं यावर त्यांचा वाद चालू होता.

१९९० साली काकांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हलका व्यायाम करा, लांबचा प्रवास आणि उन्हाळी देश टाळा. म्हणून मी आले. काका पँटला इस्त्री करून, घोट्याला चिमटा लावून माझ्यावर बसायचे आणि गल्लीच्या टोकाच्या पोस्टाच्या पेटीला शिवून परत यायचे. पेटी कुठे पळून जात नाही ना, याची खात्री करत असल्यासारखे. पुढे पुढे तेही थांबलं. मी शेडमध्ये गेले. गवत कापायच्या मशीनशेजारी. ते मशीन स्वभावाने चांगलं होतं, पण त्याच्याकडे विषय एकच.

मग १९९२च्या उन्हाळ्यात फ्लोराबाय आल्या.

साठीच्या बाई, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. दिमोनात त्यांचा एक क्लब होता आणि हा क्लब दर शुक्रवारी पहाटे वाळवंटातल्या पायवाटांवर माउंटन बाइक चालवायचा. घरात शिरून चहा व्हायच्या आधी त्यांनी शेड उघडली, मला बाहेर काढलं आणि साखळीवरून बोट फिरवलं.

"मनू, ही साखळी आहे की रुद्राक्षाची माळ?"

"आपण ज्यू आहोत, बाय."

"साखळीला तेल लागतं. त्याला धर्म नसतो."

तेल मिळालं. मित्रांनो, कितीतरी महिन्यांनी माझी चाकं फिरली तेव्हा मला जे वाटलं ते सांगता येणार नाही, कारण मला फक्त कर्र असं सांगता येतं. बाय मला घेऊन नदीकाठाने दौडत सुटल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर चिखल होता आणि चिखलाखाली काळजी होती.

काळजीचं कारण दुसऱ्या दिवशी न्याहारीला बाहेर आलं. मी मागच्या दाराला टेकून होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. काकांच्या ऑपरेशनची बातमी फोनवर कळली तेव्हा बाय दिमोनाच्या स्वयंपाकघरात एकट्या होत्या. घाबरून त्यांनी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस बोलला. बेने इस्राएल माणसं अडीअडचणीला याच नबीला हाक मारतात आणि काम झालं की मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. इतर बायका एवढ्यावर थांबतात. बाय थांबल्या नाहीत. त्या म्हणून गेल्या, "माझ्या मनूला उठव. तो आपल्या पायांच्या बळावर वाळवंट ओलांडेल आणि पलीकडे जाऊन तुझा मलिदा करील."

मनू उठला. वाळवंटात यायला डॉक्टरांनी मनाई केली. नवस तसाच लटकला.

"नवस तू बोललीस आणि पाय माझे?" मनाशेकाका टोस्ट खाली ठेवून म्हणाले.

"घाबरलेल्या माणसाला कुणाचे पाय ते सुचतं का रे?"

"नुसती मलिद्याची थाळी बोलायची होतीस. निदान बसस्टॉपपर्यंत बोलायचं होतंस."

बाय हसल्या नाहीत. "तुला गेल्या हिवाळ्यात नुसता खोकला झाला, तर मी आठवडाभर झोपले नाही. म्हटलं, हे त्याचंच. चेष्टा कर तू. मला परत जाऊन झोपायचंय, मनू. दोन वर्षं झाली."

मनाशेकाकांचा नवसावर काडीचा विश्वास नव्हता. पण बहिणीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना दिसत होती. ते उठले, नकाशा घेऊन आले आणि केंट परगण्याच्या शेपटीवर बोट ठेवून म्हणाले, "डंजनेस. सगळे खडे, झाड नाही. लोक याला ब्रिटनचं वाळवंट म्हणतात."

"कोण लोक?"

"लोक!"

"अहो, डॉक्टर जेन्टल एक्सरसाइज म्हणालेत," काकांच्या पत्नी मिरियमकाकू म्हणाल्या. पण पोहे किती भिजवायचे तेही लगेच विचारून मोकळ्या झाल्या.

रविवारी सकाळी मला गाडीच्या टपावर उताणी बांधलं. एम-ट्वेंटीफाइव्हवर मी आभाळाकडे बघत गेले. आभाळ माझ्याकडे बघत होतं आणि त्याच्या मनात काहीतरी होतं.

डंजनेसला उतरल्यावर फ्लोराबायनी परीक्षकाच्या नजरेने सगळीकडे पाहिलं. पाहावं तिथवर गोल खडे. मधूनमधून लाकडी झोपड्या. वारा. आणि तारेच्या कुंपणामागे एक प्रचंड मोठी अणुवीज केंद्राची इमारत गुणगुणत होती.

"हे काय आहे?"

"न्यूक्लिअर पॉवर स्टेशन," काका म्हणाले.

बायचा चेहरा उजळला. "म्हणजे अगदी आमच्या दिमोनासारखंच. दगड, वारा आणि कुंपणामागे सरकारी काहीतरी, ज्याबद्दल आम्ही बोलत नाही. चल, हे वाळवंट मान्य."

मिरियमकाकू मलिद्याचा डबा घेऊन गाडीने रस्त्यारस्त्याने पुढे गेल्या, दीपगृहाजवळ समुद्रापाशी थांबायला. काका हेल्मेट घालून माझ्यावर बसले. बाय शेजारून चालणार होत्या. काकांनी पहिलं पॅडल मारलं आणि माझं पुढचं चाक घोट्यापर्यंत खड्यांत गेलं. चाकाला घोटा नसतो. पण गेलं.

"हवा कमी कर," बाय म्हणाल्या. "टायर मऊ पडला की पसरतो. उंटाचा पाय पाहिलायस ना?"

"रीडिंगमध्ये? रोज."

हवा कमी केली. मी थोडी पुढे गेले आणि पुन्हा रुतले. काका उतरले, ढकलू लागले, चढले, रुतले. 'सर्व वाळवंटांसाठी योग्य' ही अक्षरं मी तेव्हा खड्यांत लपवायला बघत होते. आणि नेमका पाऊस आला. चिंचोक्या-चिंचोक्याएवढे थेंब.

फ्लोराबाय थबकल्या. "मनू. वाळवंटात पाऊस?"

"तुमच्याकडे पडत नाही?"

"पडतो. पण त्याला आधी लाज वाटते."

मला कळत होतं ते बायना अजून कळलं नव्हतं. माझ्या हॅन्डलवरची काकांची पकड सैल पडत चालली होती, आणि ते मला ढकलत नव्हते, माझ्यावर टेकत होते. मी पडू नये म्हणून सगळा जोर लावला. उभी सायकल जोर कसा लावते ते विचारू नका, पण लावला.

मग बायनी त्यांच्या निळसर पडलेल्या ओठांकडे पाहिलं. नर्सच त्या. क्षणात त्यांनी काकांना खाली बसवलं आणि मनगट धरलं.

"बस. झालं. मोडला मी नवस. दोष माझ्या माथ्यावर घेते. चल गाडीत."

काका श्वास जुळवत बसून राहिले. पाऊस त्यांच्या हेल्मेटवर वाजत होता. "नाही."

"मनू, मूर्खपणा करू नकोस."

"बाय, मी आता गाडीत बसलो तर मला काही होणार नाही. पण तू परत जाशील आणि माझ्या प्रत्येक शिंकेला जागी राहशील. पलीकडे समुद्र दिसतोय. जरा थांबून जाऊ."

"तू मेलास तर?"

"मग तुझी काळजी तरी मिटेल."

बायनी त्यांना एक चापट मारली. मग तिथेच खड्यांत बसून रडायला लागल्या. मित्रांनो, मी घंटी वाजवली असती, पण घंटी लोकांनी दुकानातूनच नेली होती.

इतक्यात पिवळा रेनकोट घातलेला एक म्हातारा कोळी खड्यांवरून आरामात चालत आला. त्याने बुटांखाली लाकडाच्या फळ्या बांधल्या होत्या, म्हणून तो रुतत नव्हता. नाव रॉन. त्याने आधी मला पाहिलं, मग या दोघांना.

"या खड्यांवर सायकल चालत नाही, बाई."

"आम्हाला ते आत्ताच समजलंय," काका म्हणाले.

"मग पलीकडे कशाला जायचंय?"

बायनी डोळे पुसत इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. नबी, ऑपरेशन, पोहे. रॉनने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे यात धर्माचं काही आहे का?"

"थोडंसं," काका म्हणाले.

"मग ठीक आहे," म्हणून तो गेला आणि होड्या ज्यांवरून पाण्यात सरकवतात त्या दोन लांब फळ्या ओढत घेऊन आला.

एक फळी टाकली, तिच्यापुढे दुसरी. काका माझ्यावर बसून एकेका फळीची लांबी हळूच पॅडल मारत जायचे आणि थांबायचे. मग फ्लोराबाय आणि रॉन मागची फळी उचलून पुढे आणायचे. तेवढ्यात काकांचा श्वास जागेवर यायचा. बाय दर वेळी आधी मनगट बघायच्या, मग मान हलवायच्या, मग मी सुटायचे. एवढ्या हळू कुठलीही माउंटन बाइक कधी चालली नसेल. दोन समुद्रपक्षी आमच्या पुढे चालत निघून गेले आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

पण पाय काकांचेच होते आणि फळ्या आल्यापासून खड्यांना एकदाही लागले नाहीत. आम्ही समुद्रापाशी पोहोचलो तेव्हा मिरियमकाकूंनी गाडीचं मागचं दार वर करून त्याखाली थाळी मांडली होती. बायनी बरोबर आणलेला खजूर वर ठेवला. काकांनी भिजलेल्या हेल्मेटसकटच बायबरोबर आशीर्वाद म्हटले, बायचा आवाज मध्येच फुटला तेव्हा पुढचे शब्द एकट्याने पुरे केले. रॉनला मलिदा दिला. तो चावून म्हणाला, "भिजलेले कॉर्नफ्लेक्स, पण कुणीतरी प्रेमाने भिजवलेले." आणि आणखी मागितला. सगळ्यांनी मिळून मूठभर मलिदा माझ्या मडगार्डच्या जागी ठेवला. तो सांडला.

"रॉन, हे वाळवंट आहे ना?" बायनी शेवटी विचारलं.

"बाई, माझ्या हयातीत इथे धड काही उगवलेलं मी पाहिलं नाही. माझ्या बायकोचे टोमॅटो धरून."

बाय परत गेल्या त्या झोपूनच गेल्या. विमानातली जेवणाची गाडी आली आणि गेली तरी उठल्या नाहीत, असं त्यांनी नंतर फोनवर सांगितलं.

पुढची वर्षं माझी चांगली गेली. काका मला घेऊन रोज पोस्टाच्या पेटीच्याही पलीकडे जायचे. मग त्यांचे गुडघे दुखू लागले आणि मी पुन्हा शेडमध्ये. शेडचं छप्पर गळायला लागलं तेव्हा मिरियमकाकूंनी मला घरात घेतलं. तेव्हापासून मी हॉलमध्ये फोनच्या टेबलाशेजारी उभी आहे आणि माझ्यावर ओले कोट वाळत असतात. तक्रार नाही. तरी मित्रांनो, तुमच्या घरी अशी कुणी उभी असेल तर तिच्यावरचा कोट काढा, साखळीला तेल घाला, आणि महिन्यातून एकदा तरी तिला बाहेर न्या. आम्हाला वाटा पाठ असतात. विचारायला कुणी येत नाही.

आता १९९९ साल चालू आहे. काकांचं दुसरं ऑपरेशन ठरलंय. आणि काल रात्री जेवणाआधी दिमोनाहून फोन आला. क्लबातल्या एका भूगोलाच्या मास्तरांनी फ्लोराबायना सांगितलं की वाळवंट खड्यांवर नाही, पावसावर ठरतं, आणि केंटमध्ये पडतो तेवढा पाऊस पडला तर ते वाळवंट होऊच शकत नाही.

"तो नवस धरला गेला असेल ना रे, मनू?" त्यांचा बारीक आवाज मला इथवर ऐकू आला.

"धरला गेला, बाय. बघ, त्यानंतर सात वर्षं जगलो ना मी?"

"मंगळवारपर्यंत मी फोनपाशीच बसते," बाय म्हणाल्या. काकांनी फोन ठेवला आणि माझ्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. म्हणून मी पुढील अर्ज करत आहे.

प्रति,
मा. प्रमुख, हवामान खाते

विषय : डंजनेस येथील पाऊस मागील तारखेपासून कमी करून मिळण्याबाबत

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, डंजनेस या ठिकाणी आजवर पडलेला सर्व पाऊस रद्द समजण्यात यावा. ते शक्य नसल्यास, १९९२च्या उन्हाळ्यातला तो एक रविवार तरी आपल्या दप्तरी कोरडा नोंदवण्यात यावा. त्या दिवशी पडलेल्या पाण्याची जबाबदारी अर्जदार सायकल स्वतःवर घेण्यास तयार असून तिच्या गंजाची पाहणी आपण केव्हाही करू शकता.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी आहे. तरी सदर ठिकाण वाळवंटच होते, असा निर्णय सोमवारपर्यंत श्रीमती फ्लोरा यांना दिमोना येथे फोनने परस्पर कळवावा. फोन पहिल्या घंटीला उचलला जाईल.